शामकलाची कसणी

आमच्या गावात एखादीचं पोलकं काखेत दाटत नसेल, पाठीवर फुगत नसेल, तर ते शामकलाबाईनं शिवलेलं असतं. यावर पैज लावायची सोय नाही, कारण समोरून कुणी घेतच नाही. पण तिच्या हातचं सगळ्यात चांगलं शिवण कुठल्या बाईच्या अंगावर चढलं नाही. ते चढलं एका पुरुषाच्या अंगावर, आणि तो पुरुष तिचाच नवरा होता.

हे सांगायला मीच बरी. मी रविता, गावच्या अंगणवाडीची सेविका. माझं घर तिच्या घराला लागून, मधली मातीची भिंत छातीएवढी, आणि माझी जीभ जरा मोकळी. भिंतीपलीकडचं बघू नये म्हणतात, पण भिंतच एवढीशी असेल तर डोळ्यांनी जायचं कुठं?

नवऱ्याचं नाव सुकराम. दिवसा तो तिरोड्याच्या एका आरामशीनवर लाकडं चिरायचा, आणि दिवाळी सरून गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरू लागल्या की खडी गंमतीत, आमच्याकडच्या तमाशात, नाच्या व्हायचा. डफ, ढोलकी, तुणतुणं, उभ्यानं गाणारा शाहीर, आणि मधोमध बाईच्या वेषात नाचणारा सुकराम. तो लुगडं नेसून उभा राहिला की बघायला बसलेल्या बायासुद्धा आपापला पदर सारखा करायच्या. गावनात्यानं तो माझा भासरा, म्हणजे थोरला दीर. भासऱ्यासमोर डोईवर पदर घ्यायची आमच्यात चाल. पण भासराच डोईवर पदर घेऊन समोर आला तर कुणी कुणाची लाज धरायची, हे मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं.

बाया म्हणायच्या, शामकलापेक्षा तिचा नवराच देखणा. तिच्या तोंडावर म्हणायच्या. ती स्वतः काडीसारखी वाळकी, रंगानं सावळी, बोलण्यात कमी. ती सुईत दोरा ओवत म्हणायची, “बरं हाये ना. घरात एक तरी देखनं हाये.” आणि पुन्हा मशीनवर पाय.

या देखणेपणात अर्धा वाटा पावडर-काजळाचा होता आणि अर्धा कसणीचा. कसणी हा त्या दोघांनी ठेवलेला शब्द. लुगड्या-पोलक्याच्या आत घालायची, काखेपासून कमरेखालपर्यंत अंगाला चिकटून बसणारी, आत ताठ काड्या भरलेली आणि पाठीमागून दोरीनं आवळायची बंडी. विलायती बाया पूर्वी असलं काही घालायच्या आणि त्याला कॉर्सेट म्हणतात, हे मला पुष्कळ पुढं टीव्हीवर कळलं. शामकलाबाईला तेवढंही माहीत नव्हतं. ती सगळं नवऱ्याच्या अंगावरून शिकली.

पहिली कसणी तिनं बांबूच्या कामट्यांची केली होती. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा, नव्व्याण्णव सालच्या मंडईत, सुकरामनं गिरकी घेतली आणि आतली कामटी मोडून बरगडीखाली घुसली. तो नाचत राहिला. पोलक्यावर लाल डाग पसरला तरी लोकांना वाटलं, पान खाऊन थुंकीचा शिंतोडा उडाला असेल. घरी आल्यावर शामकलाबाईनं जखमेला हळद लावली आणि ती मोडकी कामटी चुलीत घातली.

“बांबू वाकते, पन पुन्हा जागेवर येत नाही,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सुकरामनं आरामशीनवरचं एक घासून संपलेलं पातं आणलं. लाकूड चिरायचं ते लांब, पातळ, पोलादी पातं. त्यानं त्याचे दात सहाणेवर घासून काढले, छिन्नीनं बोटभर रुंदीच्या पट्ट्या तोडल्या, टोकं गोल केली, आणि टोकांना सायकलच्या ट्यूबच्या टोप्या चढवल्या, म्हणजे अंगात रुतायला नको. एक पट्टी बायकोच्या हातात देऊन म्हणाला, “हे वाकवून पाय. कितीबी वाकव, सरळच होते.”

तिनं वाकवली, सोडली. पट्टी टणकन सरळ झाली. मी भिंतीवरून बघत होते. दोघं एकदम हसले. त्या दोघांना एकत्र हसताना मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

मग ती बसली शिवायला. मांजरपाट दुहेरी घेतला. एक मोठा तुकडा अंगाला गुंडाळून कसणी होत नाही, ती उभ्या अरुंद फाकी जोडून करावी लागते. फाक वर रुंद, कमरेशी निमुळती, खाली पुन्हा रुंद. म्हणजे कमरेचा बाक आधी कापडात येतो, मग माणसात. जोडाच्या शिवणीवर तिनं पट्टी सरकेल एवढी नळी शिवली आणि प्रत्येक नळीत एक पट्टी सरकवली. कमरेच्या रेषेवर आतून खाटेच्या नवारीची पट्टी टाकली, कारण सगळा ताण तिथंच येतो आणि नुसतं कापड तिथं फाटतं. पाठीवर दोरी ओवायला आधी दोऱ्याची काजं केली होती, ती पहिल्याच वेळी उसवली. मग तिरोड्याच्या बूट शिवणाऱ्याकडून तिनं पितळी रिंगा ठोकून आणल्या. नितंबांवर गादीचा कापूस.

मी अडाण्यासारखं विचारलं, “एवढं आवळल्यावर पोट जाते कुठं?”

“जाते कुठं? कुठंच नाही जात,” ती म्हणाली. “मांस सरकते. खालचं खाली, वरचं वर. खालच्या बरगड्या मऊ राहतेत, त्या आत जातेत. मंग छाती आपोआप वर येते. अन माणूस कमरेतून वाकू शकत नाही, गुडघ्यातून वाकते. बाईसारखं.”

हे खरं होतं. कसणी चढली की सुकरामची चाल बदलायची. श्वास पोटात जायचा नाही, वरच्या वर छातीत फिरायचा, आणि त्यामुळं आवाजसुद्धा बारीक व्हायचा. लोक म्हणायचे, काय सोंग वठवतो! अर्धं सोंग त्या पट्ट्या वठवत होत्या.

पण कसणीची एक अडचण होती. घालणाऱ्याला ती स्वतःची स्वतः बांधता येत नाही. मागून ओढायला माणूस लागतो.

मंडईच्या दिवशी दुपार कलली की सुकराम मागच्या अंगणात भिंतीला हात टेकून उभा राहायचा. शामकलाबाई त्याच्या मागं. दोरी वरून खाली ओवलेली, पण ओढायची मधून, कमरेपाशी, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. नाहीतर वर दाटते आणि खाली सैल राहते. ती एक गुडघा त्याच्या पाठीला लावायची.

“ओढू?”

“ओढ.”

“लागते का?”

“लागू दे.”

एवढंच. दर मंडईला एवढंच. मग तो लुगडं नेसून, पायांत चाळ बांधून सेवकराम शाहिराच्या ताफ्यात जायचा. पहाटे परत आला की ती दोरी सोडायची. पट्ट्यांचे उभे लाल वळ पाठीवर उठलेले असायचे. तो चटईवर पालथा पडायचा, ती गरम जवसाचं तेल चोळायची, आणि तो तसाच झोपी जायचा. सकाळी उठून आरामशीन. त्यांना मूल झालं नाही. का झालं नाही यावर गावानं आपापली डोकी चालवली. मी ते इथं सांगत बसणार नाही, कारण त्यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं.

वर्षं गेली तसं सुकरामचं अंगच कसणीसारखं झालं. उघडा बसला तरी कंबर आत, बरगड्या मिटलेल्या. कसणी नसली तर पाठ दुखायची, म्हणून कामावर जातानाही तो ती सदऱ्याच्या आत सैल बांधून जाऊ लागला. आरामशीनवरचे लोक हसायचे. हसणारे सगळे मंडईत पुढच्या रांगेत बसायचे, हेही सांगते.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात त्याला ताप आला. डोक्यात चढलेला मलेरिया. गोंदियाला नेलं, पण तो बोलेनासा झाला आणि गेला. गावात लगेच सुरू झालं, कसणीनं मारला. बायकोनंच आवळून आवळून मारला. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, पण मी एकीच्या अंगावर धावून गेले होते, ते माझ्या नवऱ्याला अजून आवडलेलं नाही. शामकलाबाईनं मला विचारलं, “रविता, तू शिकेल हायेस. कसणीनं तर नाही ना?” मी म्हटलं, मलेरिया होता, डॉक्टरनं सांगितलं, मी समोर होते. तिनं मान डोलावली. आठवड्यानं पुन्हा तेच विचारलं.

त्यानंतर ती एकटी राहिली. एकटी म्हणजे किती, ते शेजाऱ्यालाच कळतं. एका माणसाच्या चुलीचा धूर लवकर विझतो. एका ताटाचा आवाज वेगळा येतो. पोलकी टाकायला बाया यायच्या, माप देऊन जायच्या, पण बसायला कुणी थांबत नव्हतं, कारण घरात शिरलं की समोर टिनाच्या पेटीवर कसणी उभी. पट्ट्यांमुळं ती स्वतःची स्वतः उभी राहायची. छाती पुढं, कंबर आत, मान नाही, हात नाहीत. बायांना भीती वाटायची. शामकलाबाई रोज सकाळी तिच्यावरची धूळ फडक्यानं पुसायची.

एकदा मी तिच्याजवळ तूर निवडत बसले होते. ती एकदम म्हणाली, “मले त्याचं तोंड नीट आठवत नाही वो. पाठ आठवते. कुठं मस होता, कुठं हाड वर होतं, सारं. तोंड लोकाईनं पाह्यलं. माह्याकडं तो सदा पाठ करूनच राह्यला.”

मी काय बोलणार? माझा नवरा सदा तोंड करून असतो आणि त्या तोंडातून जे निघतं त्यापेक्षा पाठ परवडली. तेच बोलले. ती हसली नाही. ती वर्षानुवर्षं ते मनात धरून बसली होती, आणि मला तिचं फार वाईट वाटलं.

सुकराम गेल्यावरच्या दिवाळीत सेवकराम शाहीर आला होता. पायरीवर बसून म्हणाला, “भाभी, नवा नाच्या भेटला. कसणी द्या ना मंडईपुरती.”

“त्याच्या मापाची हाये.”

“थोडी ढिली-टाइट करून...”

“दुसऱ्याले नाही बसत ते.”

शाहीर चहा पिऊन गेला. पुढच्या साली पुन्हा आला, पुन्हा तेच. मग मंडईत डीजे आले, नाचायला बाहेरून पोरी येऊ लागल्या, सेवकरामचा डफ खुंटीला लागला, आणि कसणी मागायला कुणी येईना. तिचं ‘नाही’ ऐकायला का होईना, कुणी माणूस यायचं. तेही थांबलं.

दोन हजार अकराच्या पावसाळ्यात शामकलाबाई विहिरीच्या ओट्यावर शेवाळावरून घसरली आणि बसल्या जागी आपटली. गोंदियाच्या डॉक्टरनं फोटो काढला. पाठीचा मणका दबला होता. डॉक्टर भला होता. समजावून म्हणाला, पाठ ताठ ठेवा, कमरेला पट्टा बांधा, नाहीतर हळूहळू वाकत जाल. पट्टा घेतला. पण तो इलास्टिकचा पट्टा पोट असलेल्या माणसांसाठी केलेला, आणि शामकलाबाईला पोटच नाही. मशीनवर बसली की तो वर सरकून छातीशी यायचा. दिवाळी जवळ आली तोवर ती इतकी वाकली की शिवताना कपाळ सुईजवळ जायचं. एक शिवण मारली की थांबायची, हात टेकायची. पोलकी तशीच पडून राहू लागली.

तिचा भाऊ लोकेंद्र फुलचूरला राहतो. माणूस चांगला. तो आला आणि म्हणाला, “बाई, आता पुरे. माह्या घरी चाल. मांगची खोली खाली हाये. मशीन विकून टाकू, जागा नाही ठेवाले.”

“मशीन विकून मी काय करू?”

“काही नको करू. आराम कर. लसूण सोल, टीव्ही पाय.”

तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाली, “मंडईपर्यंत थांब. मशीनवर बसता नाही आलं, तर चालतो मी.”

लोकेंद्र कबूल झाला. मंडईच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येतो म्हणाला. तो गेल्यावर तिनं मला सांगितलं, आणि मला पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भीती दिसली. भावाच्या घरची मागची खोली वाईट नसते. पण तिथं शामकला नावाची शिवणारीण नसती, लोकेंद्रची वाकलेली बहीण असती. तिला ते नको होतं आणि मलाही नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःसाठी कसणी बेतली. पट्ट्या नव्हत्या, म्हणून पुन्हा बांबूच्या कामट्या. मशीनवर बसली, पुढं वाकली आणि कामटी कटकन मोडली. मग जाड पुठ्ठा घालून पाहिला, तो घामानं मऊ पडला. पोलादी पट्टी मिळेल म्हणून मी तिरोड्याला जाऊन आले, पण ती आरामशीन केव्हाच बंद झाली होती, तिथं आता सिमेंटचं गोदाम आहे. लोखंडाच्या दुकानात मिळाली ती पट्टी वाकली की वाकूनच राहायची.

पेटीवर कसणी उभी होती. माझ्याच्यानं राहवलं नाही.

“शामकलाबाई, ते समोर काय हाये? उसवा ना ते! दहा पट्ट्या आत उभ्या हायेत अन तुमी बांबू मोडत बसल्या.”

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी सुकरामच्या पोटाला कात्री लाव म्हणाले. “जा तू,” म्हणाली. “घरी जा.”

गेले. मलाही राग आला. मेलेल्याची कंबर ताठ ठेवायची आणि जितीची मोडू द्यायची, हा कुठला न्याय? दोन घरांमधली ती एवढीशी भिंत, पण बरेच दिवस कुणी तिच्यावरून बोललं नाही. मी अंगणवाडीत जायची, यायची, कान मात्र तिकडंच. मशीनचा आवाज येत नव्हता.

मग एका दुपारी तिनंच हाक मारली. “रविता, जराशी बसाले ये.”

ती जमिनीवर बसली होती, मांडीवर कसणी, हातात ब्लेड. म्हणाली, “एकटीनं नाही होत. तू काही बोलू नको. नुसती बस.” म्हणून मी बसले, आणि मला गप्प बसणं किती जड जातं ते गावाला ठाऊक आहे.

तिनं पहिली नळी उसवली. आतल्या बाजूला घामाचे पिवळे डाग होते, आणि शिवणीत अडकलेली गुलाबी पावडर भुरभुर मांडीवर पडली. तिनं ती बोटानं गोळा केली, मग काय करायचं ते न कळून लुगड्याला पुसली. एकेक पट्टी निघत गेली. शेवटची निघाली तसं मांडीवरचं कापड एकदम खाली बसलं. तिथं आता माणसाचा आकार नव्हता, जुना मांजरपाट होता. शामकलाबाई रडली. आवाज न करता, ब्लेड हातात धरून.

पट्ट्या तिनं जमिनीवर ओळीनं मांडल्या. एकही जमिनीला टेकेना. जी पट्टी कितीही वाकवली तरी सरळच होते, तिला सुकरामच्या कमरेचा बाक कायमचा बसला होता. बोट लावलं की ती पाळण्यासारखी हलायची. मी म्हटलं, दगडावर ठेवून हातोडीनं सरळ करते.

“नको,” ती म्हणाली. “राहू दे तसंच.”

नवीन कसणी वेगळी होती. ही कंबर बारीक करायला नव्हती, पाठ धरायला होती. दोन पट्ट्या कण्याच्या दोन्ही अंगांना अगदी जवळ, बाकीच्या कुशीला. पुढची बाजू आखूड, मांडी घालता यावी, पायडल मारता यावं म्हणून. पोटाशी नुसतं कापड, श्वासाला जागा. तिला नीट बसता येत नव्हतं, म्हणून बरीचशी हातानंच शिवली, पालथी पडून, उशीवर कोपर टेकून. लोकेंद्र यायच्या आदल्या संध्याकाळी काम संपलं. मी पाहिलं तेव्हा अंधार पडत होता आणि मला भात टाकायचा होता. छान झाली म्हणून मी घरी गेले. खोट माझ्याही लक्षात आली नाही.

सकाळी अंगणात आले तर भिंतीपलीकडं विचित्र आवाज. डोकावले. शामकलाबाईनं कसणी अंगात घातली होती, आणि पाठीमागून निघालेली दोरी खिडकीच्या गजाला बांधली होती. ती पुढं पुढं चालत दोरी ताणत होती, खुंट्याला बांधलेली गाय ताणते तशी. दोरी वरच्या रिंगांत गच्च बसली होती आणि खाली लोंबत होती. तिनं आणखी जोर केला आणि गुडघ्यांवर पडली.

जन्मभर तिनं कसणी मागून बांधायचीच शिवली होती. हात सवयीनं तेच करून बसले. मागं कोण उभं राहणार, हे शिवताना तिच्या मनातच आलं नाही.

मी भिंत ओलांडली. माझ्या वयात आणि माझ्या अंगानं भिंत ओलांडणं ही काही बघण्यासारखी गोष्ट नाही.

“मी काय मेली होती का?” मी ओरडले. “हाक माराले काय झालं?”

“सकाळची येळ,” ती जमिनीकडं बघत म्हणाली. “तुले अंगनवाडी राहते. रोज रोज कोनाले बलावू?” मग म्हणाली, “पुढून बांधाची कराले पाहिजे होती. आता उसवाले टाइम नाही. दुपारी लोकेंद्र येते.”

मी तिला उठवलं, भिंतीला हात टेकायला लावले आणि गजाची दोरी सोडली. दोरी कशी ओढायची ते मला कुणी शिकवायला नको होतं, इतक्या मंडया ते भिंतीवरून बघितलं होतं. मधून, कमरेपाशी, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. गुडघा मात्र लावला नाही, दुखऱ्या पाठीला तळहात लावला. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “ओढू?”

तिनं कपाळ भिंतीला टेकवलं. तिच्या खांद्यांकडं बघून मला वाटलं आपण चुकलो.

“ओढ,” ती म्हणाली.

लोकेंद्र दुपारी आला, दारात छोटा हत्ती टेम्पो उभा करून, सामान न्यायला. शामकलाबाई मशीनवर बसली होती. ताठ. साठलेल्या पोलक्यांतलं एक सुईखाली होतं. तो चौकटीत उभा राहून बघत राहिला. तिनं मान न वळवता म्हटलं, “बस. बाही लावून चहा मांडतो.” त्यानं चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. जाताना मला म्हणाला, “बाईवर ध्यान ठेवजा.” मी म्हटलं, ध्यान ठेवायला भिंत आहेच.

दुसऱ्या दिवशी मंडई होती. संध्याकाळी मी दोरी सोडायला गेले. मैदानावर डीजे धडधडत होता, आणि टिनाची पेटी त्या धडधडीनं बारीक थरथरत होती. पेटीवर आता काही नव्हतं. मी दोरी सैल केली, कसणी काढली. तिच्या पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना उभे लाल वळ उठले होते, सुकरामच्या पाठीवर उठायचे तसेच.

“लागलं का?”

“लागते ना. तो कधी म्हने नाही, पन लागत होतं वो त्याले.”

मी चुलीवर जवसाचं तेल गरम केलं. ती चटईवर पालथी पडली आणि मी चोळू लागले. तिचा चेहरा भिंतीकडं होता. मला दिसत होती ती फक्त पाठ, मणक्यांची माळ आणि ते वळ. मला वाटलं झोपली.

“तो असाच पडे,” ती म्हणाली. “मले वाटे, हा माह्याकडं पाहत नाही. साऱ्या मंडईले तोंड दाखवते अन मले पाठ.”

मी हात थांबवला.

“काल तू मांगं उभी राह्यली ना, तवा समजलं मले. तोंड कोनालेबी दाखवता येते वो रविता. पाठ नाही देता येत कोनालेबी. भेव वाटते.” ती बोटानं चटईची काडी उचकटत म्हणाली, “त्यानं मले देल्ली होती. इतकी वर्सं. अन मी उलटंच समजत राह्यली. आता कोनाले सांगू हे?”

कसणी पुढून बांधायची करते, असं ती अजून अधूनमधून म्हणते. तिनं केलेली नाही आणि मी आठवण देत नाही. अंगणवाडी उघडायच्या आधी रोज मी ती भिंत ओलांडते, आता तिला एक दगड टेकून ठेवलाय. पण त्या संध्याकाळी मी नुसता तेलाचा हात पुन्हा तिच्या पाठीवर ठेवला, हलका, वळांवर दाब येऊ नये असा.

“असं काय भेतेस?” ती भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाली. “चोळ जोरानं. लागू दे.”